शाफ्टवरचं सप्रेम

बिरसी, १९ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
दुर्गेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आणि हे इतके ओरडता की शेजारी धावत येतात, म्हणून पत्र. दिवाळसणाला तुम्ही यांच्या राईस मिलला दिलेला शाफ्ट काल मोडला. तुम्ही कोरून घेतलेल्या मजकुरावरच मोडला. 'जावई कैलाश यांस सप्रेम भेट' यातलं सप्रेम एका तुकड्यावर आहे आणि भेट दुसऱ्यावर.

हे म्हणतात की सासऱ्याने भंगार दिलं, आता चंद्रकुमारच्या लग्नाला येणार नाही. बाबा, सख्ख्या भावाच्या लग्नात मी एकटी कोणत्या तोंडाने उभी राहू? मला रडू येतं.

लोखंड चांगलं आहे, दोष अक्षरांचा. पट्टा ओढतो तसा शाफ्ट फिरताना किंचित वाकतो. तो ताण कोरलेल्या खाचेत गोळा होतो, तिथे केसाएवढी चीर पडते आणि ती फेऱ्यागणिक वाढते. दुसरा शाफ्ट कराल तर गुळगुळीत पॉलिशचा करा, जाडी बदलते तिथला कोपरा गोल ठेवा आणि नाव घालू नका.

लोभ वाढवा, अक्षरं वाढवू नका.
आपली लेक, दुर्गेश्वरी

नवेगाव बांध, २४ नोव्हेंबर

चि. सौ. दुर्गेश्वरीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

मेकॅनिकलचा डिप्लोमा मीच करवला, आता मलाच शिकव. आपल्या घरून नावाशिवाय चमचाही गेलेला नाही. तुझ्या आईच्या कवळीवरही नाव आहे, लग्नकार्यात अदलाबदल नको म्हणून. नाव नसलं तर लोक म्हणतील, जावयाने स्वतःच घेतला.

तरी तुझं ऐकलं. पॉलिश केलं, कोपरे गोल केले. अक्षरं एकाच बाजूला होती म्हणून ताण तिकडे गेला असणार. यावेळी नव्या शाफ्टवर श्यामलाल कोरणाऱ्याकडून चहूबाजूंनी कोरून घेतलं. जागा उरली तिथे लग्नाचं आमंत्रण घातलं. आता जावई न येऊन जातात कुठे!

आईचे आशीर्वाद. पोचल्याचं कळव.

बिरसी, २९ नोव्हेंबर

ती. बाबांस शि. सा. न.

शाफ्ट दुपारपर्यंत चालला. 'उपस्थिती प्रार्थनीय'वर मोडला. हे म्हणतात, आमंत्रणच मोडलं, आता कायले जायचं? सासूबाई आल्यागेल्याला तुकडे जुळवून वाचून दाखवतात. मिल बंद आहे आणि धानाच्या पोत्यांवर शेळ्या बसून राहिल्या.

नाव पाहिजे की जावई, एकदा ठरवा. रागावले तरी लेकच आहे.
दुर्गेश्वरी

नवेगाव बांध, ४ डिसेंबर

चि. सौ. दुर्गेश्वरीस आशीर्वाद.

कोरा शाफ्ट पाठवतो आहे. नागडं लेकरू पाहुण्यांत पाठवल्यासारखं वाटलं. श्यामलाल छिन्नी घेऊन आला होता, त्याला परत पाठवलं. तुझी आई म्हणाली, पोरगी दिली तेव्हा तिच्यावर कुठं नाव कोरलं होतं?

बापावर लोभ ठेव.

बिरसी, १२ डिसेंबर

ती. बाबांस शि. सा. न.

शाफ्ट झकास चालतो. परवा मिल बंद असताना नाव दिसेना म्हणून सासूबाईंनी कोरणाऱ्याला बोलावलं, स्वतःचं नाव घालायला. त्याने छिन्नी टेकवली तोच हे धावत आले, शाफ्टवर आडवे पडले आणि ओरडले की हात नोका लावू, हा माझ्या मामाजींनी, माझ्या सासऱ्यानं देल्ला आहे! अर्धं बिरसी गोळा झालं. बाबा, तुमचं नाव कोरून इतक्या लोकांनी कधी वाचलं नसतं.

लग्नाला आम्ही दोघं दोन दिवस आधीच येतो. आईला म्हणावं, कवळी सांभाळ.
आपली, दुर्गेश्वरी