कोलंबीवरचा आळ

आये, तुझ्या कोलंबीवर परत एकदा आळ आला होता. आणि परत एकदा ती निर्दोष सुटली, तीही भर हॉस्पिटलात, चार-पाच डॉक्टरांच्या साक्षीने. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं हे काही मी विसरले नाही. माझ्या शाळेच्या वह्या तू हातात घ्यायचीस, पानं उलटायचीस आणि म्हणायचीस, "वाच मोठ्यानं, मना आयकूदे." तेव्हा मी मोठ्याने वाचते आहे असंच समज. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत जिला तू मांडीवरून खाली उतरू द्यायची नाहीस ती माझी लेक आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि ही हकिकत तिचीच आहे.

पण आधी बोरिवलीच्या बाजारातला तो दिवस. मी बारा वर्षांची आहे. शाळा सुटली की तुझ्या ओट्यामागे उलट्या पाटीवर बसून गृहपाठ करते आणि वहीला मासळीचा वास लागू नये म्हणून ती छातीशी धरते. एक बाई तरातरा चालत येते. तुझं नेहमीचं गिऱ्हाईक, गॅलरीच्या घरात राहणारी, नीटनेटकी. दोन्ही हात पुढे करून ओरडते, "बघ, बघ तुझ्या कोलंबीने काय वाट लावली माझी! सडका माल विकतेस?" तिच्या हातांवर लाल ठिपकेच ठिपके. भोवती माणसं जमतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं आणि मी मागून तुझा पदर ओढून पुटपुटते, "आये, माफी माग ना. जाऊ दे."

तू आधी माझ्याकडे वळलीस. मारलं नाहीस, पण त्यापेक्षा मारलेलं परवडलं असतं. "बघितलंस तू? आदी बघावाचा, मंग बोलावाचा. कललं?" मग हात खसाखसा पुसलेस आणि त्या बाईचा हात धरून उजेडात ओढलास. बाजाराच्या पावत्या फाडणारा माणूस शेजारून चालला होता, त्याच्या खिशातलं पेन तू काढून घेतलंस. तो "अगं ए, अगं ए" करत राहिला. तू त्या ठिपक्यांच्या कडेने रेघ ओढलीस, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि बोटाने दाबून पाहिलंस. "म्हावऱ्याचा पित्त फिरतं, बाय. आता हितं, मंग तितं. टेंगूल येतं नि जातं. ह्यो बसूनच हाय. खरा सांग, नवी गोली कंची चालू केलंस?" बाईने आवाज खाली आणून सांगितलं. लघवीच्या जळजळीवर आठवडाभर गोळ्या चालू होत्या तिच्या. "मंग दागदराकडं जा. आत्ताच जा. रेघ पुसू नको, त्याला दाखव. नि माझे म्हावऱ्याला नाव ठेवाचा नाय."

बाई रागातच गेली. पंधरा दिवसांनी आली, गोळ्या बंद केल्यावर कोरे झालेले हात ओट्यावर टेकले आणि म्हणाली, "अर्धा किलो द्या. कोलंबीच." अरेतुरेवरून अहोजाहोवर आली होती. ती पाठमोरी होताच तू सगळ्या कोळणींना ऐकू जाईल अशा आवाजात तो किस्सा पहिल्यापासून सांगितलास, आणि पुढची कित्येक वर्षं सांगत राहिलीस. हे ज्ञान तुला कुठून मिळालं ते मात्र मी कधी विचारलं नाही. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातली एक नर्स तुझ्याकडे बोंबील घ्यायला यायची, बहुतेक तिच्याकडून. मी तेव्हा तुझ्या त्या आवाजाचीच इतकी लाज बाळगून होते की बाकी काही ऐकायचं राहूनच गेलं. पुढे शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागले तेव्हा लोक म्हणायचे, तुम्ही किती हळू बोलता हो, आणि मला ते बरं वाटायचं.

आता लेकीचं सांगते. दोन महिन्यांपूर्वी तिला फिट आली. कांदिवलीच्या आमच्या घरात, भर दुपारी, भात वाढून घेताना. नंतर आणखी एक आली. तपासण्या झाल्या आणि मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी एक गोळी सुरू केली. ती म्हणे अगदी थोडीपासून सुरू करून हळूहळू वाढवायची. बाई तरुण आहेत, पण त्यांनी तीन वेळा बजावलं, "पहिले दोन महिने अंगावर काहीही उठलं, एक ठिपका जरी आला, तरी मला फोन. वाट बघायची नाही, घरचे उपाय नाहीत. आणि गोळी मनाने बंदही करायची नाही, मला विचारायचं." मी मान डोलावली. तो कागद फ्रिजवर लावला. त्यावर दुसऱ्या आठवड्यात दुधाचं आणि इस्त्रीचं बिल येऊन बसलं, हेही तुला सांगते.

तिसऱ्या आठवड्यातला रविवार. मी तुझ्या हातची कोलंबी केली, म्हणजे तुझ्या हातची होत नाही ती कधीच, पण भरपूर आलं-लसूण, चिंच, वरून कोथिंबीर. लेकीने दाबून खाल्ली. सोमवारी सकाळी ती न्हाणीघरातून ओरडली, "आई, अंगावर हे काय उठलंय बघ." पाठीवर आणि गळ्याखाली लाल ठिपके. घरात पाच मिनिटांत निकाल लागला की कालची कोलंबी बाधली. नवरा म्हणाला, मेडिकलवरून अॅलर्जीची गोळी आणतो. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, त्यांनी आमसुलं भिजत घातलीसुद्धा. "आमसुलाचा पाणी लाव गो अंगाक. पित्त उठलाहा, दुसरा काय नाय." मी वाटी घेऊन लेकीच्या मागे बसले आणि ते लालसर पाणी बोटांनी तिच्या पाठीला लावू लागले.

आणि आये, बोटांनाच कळलं. पित्त बोटाला लागतं, गांध उठलेली असते. इथे काहीच लागत नव्हतं. कातडी सपाट होती, नुसती लाल आणि गरम. दाबलं तर दुखलं तिला. माझ्या डोळ्यांसमोर तो पावतीवाला उभा राहिला, रिकाम्या खिशाला हात लावून. मी वाटी खाली ठेवली, पर्समधलं पेन काढलं आणि लेकीच्या पाठीवर ठिपके जिथे संपत होते तिथे रेघ मारली. शेजारी वेळ लिहिली, आठ वीस. ती म्हणाली, "आई, तू काय करतेयस यार? गुदगुल्या होतायत." मी म्हटलं, तोंड उघड. घसा दुखतो का? "दुखतोय ना परवापासून. डोळ्यांत पण खुपतंय. कॉलेजात सगळ्यांनाच सर्दी आहे." ताप पाहिला, एकशे एकच्या वर होता. मी दुधाचं बिल बाजूला करून फ्रिजवरून तो कागद काढला आणि फोन लावला.

फोन मदतनिसाकडे. मॅडम राउंडला आहेत, संध्याकाळी सहाला ओपीडीत या. इकडे नवरा सकाळची गोळी पाण्याच्या ग्लासासकट घेऊन उभा. त्याचाही जीव टांगणीला लागलेला, त्याला दोष देत नाही. "गोळी चुकली आणि परत फिट आली तर? तूच म्हणतेस ना मनाने बंद करायची नाही?" दोन्हीकडून भीती. गोळी द्यावी तर अंगावर उठलेलं वाढेल, न द्यावी तर फिट येईल. मी ती गोळी त्याच्या हातातून घेऊन मुठीत धरली आणि फोनमध्ये म्हटलं, "सहाला नाही. आत्ता. मॅडमना सांगा, नव्या गोळीचा तिसरा आठवडा आहे, अंगावर उठलंय, ताप आहे, घसा दुखतोय, डोळे लाल आहेत. मी फोन ठेवणार नाही." मिनिटभराने बाई स्वतः बोलल्या. पहिलाच प्रश्न, "सकाळची गोळी दिली?" म्हटलं, नाही, हातात आहे. "देऊ नका. गोळ्यांचं पाकीट घ्या आणि सरळ हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात या. फिटचं मी बघते, दुसरं औषध आहे."

रिक्षात लेक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. तातडीच्या विभागात एक शिकाऊ डॉक्टर आला, बिचारा रात्रभर जागा असावा. त्याने विचारलं, काल काय खाल्लं? लेक म्हणाली, कोलंबी. त्याने वरही न बघता लिहायला सुरुवात केली आणि म्हणाला, "फूड अॅलर्जी. एक इंजेक्शन देतो, घरी जा."

आये, तेव्हा माझ्या गळ्यातून जो आवाज निघाला तो माझा नव्हताच. "ते लिहू नका! आधी बघा, मग लिहा! कोलंबीला बोल लावू नका!" सगळा वॉर्ड माझ्याकडे वळला. शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही उठून बसला. मी लेकीचा शर्ट मागून वर केला आणि त्याला रेघ दाखवली. आठ वीसची होती, आता साडेनऊ वाजले होते, आणि ठिपके रेघेच्या बाहेर दोन बोटं सरकले होते. आतले एकही गेले नव्हते. पोराचा चेहरा बदलला. त्याने टॉर्च घेऊन तिच्या तोंडात पाहिलं आणि धावत बाईंना आणायला गेला. गालाच्या आतल्या बाजूला दोन फोड यायला लागले होते.

पाच दिवस हॉस्पिटलात काढले. पहिले दोन दिवस ठिपके पसरले, तिसऱ्या दिवशी थांबले, पाचव्या दिवशी तांबूस होऊन विरायला लागले. नवं औषध लागू पडलं, फिट आली नाही. बाई म्हणाल्या, "आणखी दोन दिवस गोळी पोटात गेली असती तर मी हिला आयसीयूत बघत असते. कातडी भाजल्यासारखी सुटते अशा वेळी." मी पलंगाचा दांडा धरला. मग त्यांनी विचारलं, रेघेचं कुणी सांगितलं तुम्हाला? त्यांच्यामागे चार शिकाऊ डॉक्टर उभे, तो पहिला धरून. मी ताठ उभी राहिले आणि सांगितलं, "माझ्या आईने. बोरिवलीच्या बाजारात कोलंबी विकायची." मोठ्याने सांगितलं, तुझ्यासारखं. बाई पोरांकडे वळून म्हणाल्या, ऐकलंत? आणि मलाही एक ऐकवलं, "रेघ उत्तम. पण ती सरकायची वाट बघत बसला नाहीत, फोन केलात, ते त्याहून उत्तम." हे मान्य आहे. तूही त्या बाईला आत्ताच जा म्हणाली होतीस.

घरी आल्यावर लेकीने त्या गोळीचं नाव कागदावर लिहून मोबाइलच्या कव्हरात ठेवलं, कुठल्याही डॉक्टरला आधी दाखवायला. फाइलवर बाईंनी तेच लाल शाईने लिहून दिलं आहे. दाखवायला गेलो तेव्हा लेकीने विचारलं, कोलंबी खाऊ का? त्या हसून म्हणाल्या, खा, तिने काय केलंय? मागच्या रविवारी केली. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली आणि म्हणाल्या, "म्हणे कोलंबी बाधली! काय पण लोका बोलतत." लेकीची पाठ आता पूर्ण कोरी आहे. मी रोज बघते, ती वैतागते.

हे सगळं ऐकून तू बाजारभर सांगत सुटली असतीस, आणि मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्याला असंच सांगितलं, नवऱ्याने असं म्हटलं, सासूबाईंनी तसं म्हटलं. एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून इथे लिहिते. त्या सोमवारी सकाळी लेकीने हाक मारली तेव्हा मी डबे भरत होते. मी न्हाणीघराकडे गेलेच नाही. ओट्यापाशी उभी राहून, मागे वळूनही न बघता, घरात सगळ्यात आधी मीच म्हणाले होते, "कोलंबी बाधली असेल गं."