उठण्याआधी एक वाक्य

टीचर, आज सकाळी मी दूध आणायला गेलो होतो. त्याचं पुढे सांगतो, आधी तुमच्या ओट्यावर यायचंय. मनवेलपाड्यात ताईच्या खोलीत बसून लिहितोय. खाली कुणीतरी केव्हापासून टेम्पो मागे घेतोय आणि त्याची टीं टीं थांबत नाही, तेव्हा मध्येच भरकटलो तर तुम्हाला नवल वाटणार नाही. "ह्याला खिळे मारून बसवायला हवं," असं तुम्ही माझ्या आईला सांगितलं होतंत. आई तेव्हा तुमच्या वाडीत मोगरा खुडायला यायची, बाबा केळींना पाणी सोडायचे, आणि नंदाखालला तुमच्या कुंपणापलीकडेच आमची भाड्याची खोली होती. शाळेत मी असून नसल्यासारखा. जे काही शिकलो ते तुमच्या ओट्यावर, तेही उठता बसता.

तुमचा नियम एकच होता. उठायचं तर कशासाठी उठतोय ते इंग्रजीत, पूर्ण वाक्यात सांगायचं. बाकीची पोरं बसून राहायची, त्यामुळे त्यांना ते कधी नीट आलंच नाही. माझे पाय वळवळायचे म्हणून मला आलं. आय ॲम गोइंग टु ड्रिंक वॉटर. आय ॲम गोइंग टु सी द डक. एकदा वाडीत नारळ पडल्याचा आवाज आला आणि मी "आय ॲम गोइंग नारळ" म्हणून धावत सुटलो. तुम्ही कॉलर धरून परत आणलंत. "गोइंग नारळ? तू काय नारळ होणारेस? टु लाव, मग क्रियापद, मग काय ते. तेवढी शेपटी नसली तर माणूस नुसता चालत सुटतो." मग सगळ्यांना सांगितलंत, की मराठीत आपण 'नारळ आणायला जातो' म्हणतो, म्हणजे कारण आधी आणि पाय मागून. इंग्रजीत आधी पाय निघतात, आणि कारण टु लावून मागून येतं. "तुला इंग्रजीच बरी," तुम्ही म्हणालात, आणि ओटाभर हसू. ते बदक नाताळात कापलं गेलं. तरी मी टु सी द डक म्हणून उठायचो, आणि तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणायचात, "बघून ये."

सर्वनामांचं मात्र जमलं नाही. एव्हरीबडी टुक देअर चप्पल्स, असं मी लिहिलं आणि तुम्ही देअरवर काट मारलीत. एका मुलीने विचारलं, "टीचर, एव्हरीबडी म्हणजे सगळे ना? मग एकवचन कसं?" तुम्ही ओट्याखालच्या चपलांच्या ढिगाकडे बोट दाखवलंत. "सगळे एकदम उठतात, पण चप्पल एकेकजण आपापली घालतो. हिज ऑर हर. लांब पडतं, पण पोरी राहून जात नाहीत." सर्वनामाने आपण कोणाबद्दल आहोत ते मागे वळून बघायचं असतं, असंही म्हणालात. मी तेव्हा मागेच बघत होतो, पण विहिरीकडे. हल्ली देअर चालतं, टीचर. भाचीने मोबाईलवर दाखवलं. तुम्ही ऐकलं नसतंत.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. मनालीला एका हॉटेलच्या किचनमध्ये काम मिळालं होतं, ते सांगायला मी आलो. बसमध्ये वाक्य घोकत आलो होतो, दोन टु असलेलं: आय ॲम गोइंग टु मनाली टु वर्क इन अ हॉटेल. पहिला टु नुसता गावाच्या नावाचा, तुमच्या शेपटीतला नाही, हे मला तेव्हा कळत होतं आणि तेच तुम्हाला सांगून शाबासकी घ्यायची होती. खोलीत खिडकी अर्धी लावलेली, उशाशी पेज निवून घट्ट झालेली, तुमच्या बोटांत रोझरीची माळ. मी म्हटलं, "टीचर, मी निघालो." तुम्ही माझ्या कपाळावर अंगठ्याने खूण केलीत आणि म्हणालात, "जा बाबा."

बस. वाक्य मागितलंच नाहीत. मी दारात रेंगाळलो, आता विचाराल, मग विचाराल. तुम्ही भिंतीकडे तोंड केलं होतंत. आपल्यात निघणाऱ्याला कोणी जा म्हणत नाही, ये म्हणतात. तुम्ही तर कापलेल्या बदकासाठी उठलो तरी 'बघून ये' म्हणायचात. मी डोंगरावरून खाली येईपर्यंत तुमच्या कबरीवरची माती बसली होती. त्यानंतर गोवा, राजकोट, हायवेवरचे ढाबे, कुठून कुठून निघालो, आणि कशासाठी ते कोणी विचारलं नाही. तुम्हाला दम लागला होता, की तुम्ही माझा नाद सोडला होतात? इतकी वर्षं झाली, पण भांडी घासताना, बसची वाट बघताना मध्येच हेच वर येतं. उत्तर देणारं कोणी उरलं नाही.

भाची दहावीला आहे. पूर्वपरीक्षेत इंग्रजीत नापास झाली. तिचे बाबा नाहीत, ताई सकाळी पॅकिंगच्या कामाला जाते ती अंधार पडल्यावर येते. "परीक्षेपर्यंत थांब," ताई म्हणाली, "मग जा तुला जायचं तिथे." मी पोरीला तुमचा नियम लावला, आणि ती तो माझ्यावरच उलटवते. काल गोव्याच्या मित्राचा फोन आला, किचनमध्ये माणूस हवाय, लगेच निघ. आज ताई गेल्यावर मी बॅग खांद्याला लावली. भाची मान वर न करता म्हणाली, "मामा, फुल सेंटेन्स."

"आय ॲम गोइंग टु..." पुढे काही येईना. गोव्यातलं काम टिकणार नाही हे मला ठाऊक होतं. "टु बाय मिल्क," मी म्हटलं.

तिने बॅगेकडे पाहिलं. "दुधाला बॅग?"

"पिशवी सापडेना."

"बरं. मग ये लवकर. सर्वनामं राहिलीत."

मी बस स्टॉपपर्यंत गेलो. गाडी आली, गेली. परत येताना दूध घेतलं. तिने दुधाची पिशवी हातातून घेतली, चहा टाकला. मग आम्ही सर्वनामं घेतली, तिला माझ्यापेक्षा बरी येतात. बॅग दाराशी तशीच आहे, अजून उपसलेली नाही. उद्याचं मी सांगू शकत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकतो. घरात दूध होतं, टीचर. निघतानाच मला माहीत होतं, आणि तिलाही.