सीटमागची प्लेट

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. पुण्यानुमोदनाला आलेली माणसं आत्ताच जेवून गेली, आणि मी भोकरच्या आपल्या ओसरीत लिहायला बसले. उद्या मला हैदराबादला परतायचंय आणि परवा एका अहवालावर सही करायची की नाही, ते ठरवायचंय. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

लढाऊ विमानात पायलटच्या पाठीमागे बसवायच्या पोलादी प्लेटची चाचणी माझ्याकडे आहे. तिरप्या माऱ्यात गोळी घसरली. सरळ माऱ्यात आरपार गेली! साहेब म्हणतात, "मॅडम, हवेत कोण सरळ मारतं? तिरप्याचेच निकाल अहवालात जोडा. प्लेट जाड केली तर विमानाचं वजन वाढेल."

ती गारपीट आठवते? गोठ्याच्या उतरत्या पत्र्यावरून गारा घरंगळल्या आणि न्हाणीच्या सपाट पत्र्याची चाळण झाली. तुम्ही म्हणालात, "बग, तिरपं आलं की घसरतंय, सरळ आलं की घुसतंय. गोळीचं बी तसंच हाय." शाळकरी पोरीला कुणी असलं शिकवतं का हो!

एकाहत्तरच्या युद्धात तुम्ही हवाई दलात विमानांचे फिटर होतात. परतलेल्या विमानाला भोक दिसलं की त्यातून सुतळी ओवून पलीकडच्या भोकापर्यंत ताणायची, म्हणजे गोळीची वाट कळायची. हे किती रंगवून सांगायचात! पण एका विमानाची सुतळी सीटपाशी आली की उठून चूळ भरायला जायचात.

पुढचं आईनं सांगितलं. ते विमान हलकं करायला आधी वरून हुकूम आला होता आणि सीटमागची प्लेट तुम्ही काढलीत. रक्तबंबाळ पायलटलाही तुम्हीच बाहेर काढलंत. त्याचा हात गेला.

आबा, तेव्हा 'नाही' का म्हणाला नाहीत? पोरसवदा होतात, कुणी ऐकलं नसतं, हे मला कळतं. तरी राग येतो.

मघाशी आई म्हणाली, "सायेब म्हनतेत तर कर की सही. नौकरी गेली मंजे काय करशील?"

"आई, त्या प्लेटला पाठ लावून कुनाचं तरी लेकरू बसनार हाय."

तिनं घासलेलं पातेलं पालथं घातलं. मग म्हणाली, "मंग नको करू."

तर ऐका. परवा ती भोक पडलेली प्लेट मी मीटिंगच्या टेबलावर ठेवणार. अहवालावर 'नापास' लिहून मगच खाली सही करणार. बदली केली तर सामान बांधीन, पण शब्द बदलणार नाही. त्या दिवशी तुमच्या घशात अडकलेलं 'नाही' मी म्हणणार आहे, आबा, आणि मोठ्यानं म्हणणार आहे.

जयभीम.

तुमची हट्टी लेक,
सुजाता