मामंजींचं डोकं आणि बुडवलेली झाडं

ओपल मावशी,

तुझ्या वर्लीनचा नमस्कार. गुडघा कसा आहे? क्लेटस काकांचा खोकला गेला का? आम्ही बरे आहोत, म्हणजे बाळ बरं आहे, माझं मलाच कळत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलेलं ना, की सोमवारपासून मी शर्टच्या कारखान्यात जाणार, माझा नवरा टॉबी अजून वीस दिवस नदीवर मालाच्या बार्जवरच, आणि बाळाला, आपल्या वेडला, दिवसभर मामंजींकडे ठेवायला मन घेत नाही, तर तू येऊन त्याला घेऊन जा. मामंजी सत्तरी ओलांडलेले, मागच्या महिन्यात त्यांचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला (लोण्याच्या डब्याशेजारी). म्हणून म्हटलं, तू यायच्या आधी एक सकाळ त्यांच्यासोबत तळ्यावर, मासे धरायच्या बोटीत काढावी आणि डोकं ठिकाणावर आहे का ते आपल्या डोळ्यांनी बघावं. मी डोंगराकडची, मला पाणी ठाऊक ते बादलीतलं. तरी गेले. वेडला टॉबीचं तरंगायचं जॅकेट घातलं, ते त्याला घोट्यापर्यंत आलं, वरून पट्ट्याने आवळलं. नऊ महिन्यांचं पोर, नुसतं रांगतं, ते बोटीत एका जागी म्हणून बसत नाही.

काठाजवळच मामंजींना एक बास मासा लागला. मावशी, केवढा म्हणून सांगू, वेडएवढा. मी मनात म्हटलं चला, दोन दिवसांची सोय झाली. तर मामंजींनी त्याच्या तोंडातून गळ काढला, म्हणाले, पोटात अंडी आहेत, जा बाई घरी, आणि दिला सोडून. आणि मग गळाला गुलाबी पीस बांधलं, त्यावर पाच क्रॅपी लागले, चपटे मासे, माझ्या तळहातापेक्षा जरासे मोठे, ते मात्र जपून खोक्यात बर्फावर ठेवले. मोठा सोडायचा आणि बारका ठेवायचा. मी मनात एक खूण केली.

मग म्हणाले, आता माझ्या झाडांवर जाऊ. (इथले लोक नाताळ झाला की झाडाला सिमेंटची वीट बांधून तळ्यात बुडवतात, त्यात क्रॅपी राहतात, आणि आपली झाडं कुठे ते बायकोलासुद्धा सांगत नाहीत.) निघालो, तर मामंजी वाटच चुकले. एकदा बोट डावीकडे, मग उजवीकडे, मग परत तिथेच. शेवटी उघड्या पाण्यात थांबले, खाली काही नाही वर काही नाही, आणि तासभर गळ टाकून बसले. एक मासा नाही. मला रडू यायला लागलं. थोड्या अंतरावर शेजारचा डेल्बर्ट त्याच्या बोटीत होता, त्याने ओरडून विचारलं, काय हर्शेलअण्णा, लागतंय का काही?

"नावाला नाही. पिवळ्या पिसावर दोन आले, तेही टिचभर."

पाच आले होते, मावशी, आणि पीस गुलाबी होतं. माझ्या डोळ्यांदेखत. आकडा गेला, रंगही गेला. मी वेडला छातीशी धरलं आणि ठरवलं, घरी गेल्यागेल्या तुला फोन करायचा.

डेल्बर्ट कंटाळून गेला. त्याची बोट वळणाआड झाली, तशी मामंजींनी कॉफीचा कप खाली ठेवला, इंजिन चालू केलं आणि सरळ नेऊन एका जागी उभे राहिले, जशी मी अंधारात माझ्या चुलीपाशी उभी राहीन तसे. पहिल्याच गळाला क्रॅपी. मग दुसरा. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले.

"त्याच्यासमोर आलो असतो तर उद्या उजाडायला माझ्या झाडांवर त्याची बोट," म्हणाले. "तेवीस नाताळ बुडालेत इथे. तुला काय वाटलं, मी वाट चुकलो?"

मी म्हटलं नाही. (हे खोटं मी बोलले.)

तेवढ्यात गळाची काठी एकदम वाकली. क्रॅपीच्या बारीक काठीला बास लागला होता, सकाळच्यापेक्षा दांडगा. ती काठी आयडेल सासूबाईंनी दिलेली, सासूबाई गेल्यापासून मामंजी तिला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मी बघत होते काठीकडे, आणि वेड माझ्या मांडीवरून सुटून बोटीच्या काठावर चढलेला, अर्धा बाहेर. मामंजींनी काठी सोडली आणि दोन्ही हातांनी त्याला जॅकेटच्या पट्ट्याला धरून आत ओढलं. काठी पाण्यावरून सरकत गेली आणि बुडाली. त्यांनी तिकडे मान वळवूनही बघितलं नाही.

"भूक लागलीय त्याला," म्हणाले. "बाटली दे."

परत येताना अर्धा तास आम्ही चष्मा शोधला. त्यांच्या डोक्यावर होता. आता तूच सांग, मी काय समजू?

तुझी,
वर्लीन

ता.क. तू येऊ नकोस. म्हणजे ये कधीही, पण वेडला न्यायला नको. त्याऐवजी तुझ्या रॉयसचं लहानपणीचं तरंगायचं जॅकेट असेल तर पाठव. मामंजी म्हणतात शनिवारी पहाटे पाचला निघायचं, आणि मी कशी कोण जाणे हो म्हणून बसले.

आणखी एक. वर जिथे मामंजी सरळ नेऊन उभे राहिले असं लिहिलंय, तिथे मी खुणाही लिहिल्या होत्या, कुठलं झाड आणि कुठली टाकी एका रेषेत येतात ते. मग गिरवून काळं केलं. उजेडात धरून बघू नकोस.

आणि मासे कुठे लागले असं क्लेटस काकांनी विचारलंच, तर सांग पुलाखाली, पिवळ्या पिसावर.