रिकाम्या यादीचा नंबर मोठा

सोमवार, १६ सप्टेंबर २०१३

आज पुन्हा तेच! चौथ्या मजल्यावर आठ टेबलं वाढली आणि नेटवर्कच्या स्विचमध्ये वायर लावायला एक भोक रिकामं नाही. नव्या राजधानीत रस्ते सहा पदरी, इमारत सात मजली, पण स्विच मागितला की "अभी जुगाड़ कर लो." शेवटी शहरातल्या जुन्या ऑफिसात पडलेला एक मागवलाय. आमचे तंत्रज्ञ नरहरी उद्या पूजा झाल्यावर तिकडे जातील.

शालिग्राम साहेबांनी जिन्यातच सांगितलं — पहिल्या तारखेपासून नेटवर्कला एकच माणूस. "तुम या नरहरी. पच्चीस को बताऊँगा." मला ही नोकरी हवी. नरहरींनाही हवीच असणार, धाकटी अजून बारावीत आहे त्यांची. पण मी इंजिनिअर, ते टेलिफोनच्या तारा ओढत इथवर आलेले. मीच राहायला हवी. लिहून टाकलं, बरं वाटलं.

मंगळवार, १७

विश्वकर्मा पूजा. रॅकला हळदकुंकू, झेंडूची माळ. मी बुंदी वाटत होते तेव्हा नरहरींचा फोन — "मॅडम, या स्विचात जुनी यादी हाय, काय करू?" म्हटलं, एकेक पुसा, पार साफ करा आणि आणून लावा. दोन मिनिटांत फोन ठेवला. बुंदी संपत आली होती.

बुधवार, १८

सव्वाअकराला सातही मजले बंद!

काय झालं ते सरळ लिहून काढते. प्रत्येक विभागाची वाट आम्ही वेगळी आखलेली — तेच व्हीलॅन. त्यांची यादी एका स्विचवर बदलली की बाकीचे आपोआप उतरवून घेतात. दर बदलाला यादीचा नंबर एकाने वाढतो आणि ज्याचा नंबर मोठा, त्याची यादी खरी. मग ती रिकामी का असेना!

नरहरींनी चाळीस वाटा एकेक करून पुसल्या. किती मन लावून पुसल्या असतील! चाळीस वेळा नंबर वाढला. इमारतीचा नंबर छत्तीस, त्या डबड्याचा ब्याण्णव. वायर लावली आणि अख्ख्या इमारतीने रिकामी यादी उतरवून घेतली.

नंबर शून्य करून घ्या, एवढंच सांगायचं राहिलं. कुणाचं? माझं. दोन्ही ऑफिसांच्या नेटवर्कला एकच नाव, एकच पासवर्ड — तोही माझाच आळस. वेगळे असते तर त्या डबड्याचं कुणी ऐकलंच नसतं.

साहेब ओरडत आले. "स्विच किसने लगाया?"

"मैंने, साहब," नरहरी म्हणाले.

मी कीबोर्डकडे बघत राहिले. साडेतीनपर्यंत सगळ्या वाटा पुन्हा आखल्या. साहेब म्हणाले, "अनुश्री ने बचा लिया."

गुरुवार, १९

आजही साहेबांना खरं सांगितलं नाही.

शनिवार, २१

साहेबांनी रिपोर्ट मागितला. लिहिलं — "तंत्रज्ञाने पूर्वतपासणी न करता स्विच जोडला." एकही शब्द खोटा नाही! चार वेळा वाचला. आई म्हणाली, जेवत काहून नाहीस? चिडले तिच्यावर.

बुधवार, २५

मी राहिले. नरहरींना साहेबांनी माझ्यासमोरच सांगितलं. ते मान हलवून "हव" म्हणाले आणि चौथ्या मजल्यावरचं काम पुरं करायला गेले. आज तरी रागावून जायचं ना!

गुरुवार, २६

नरहरी दुपारी सामान सोपवायला आले. पेचकस, टेस्टर, लेबलांचा डबा. शेवटी खिशातून एक छोटी वही काढली.

"लाइनमन होतो तवापासूनची सवय हाय. फोनवर सायबानं जे सांगितलं ते लिवून घेतो. नंतर बदलते ना माणूस!"

पान उघडून दिलं. १७ तारीख, ११.४०. अनुश्री मॅडम — एकेक पुसा, पार साफ करा, आणून लावा. खाली दोन रेघा मारलेल्या.

विचारलं, साहेबांना का नाही दाखवलीत?

"घेऊन गेलो होतो ना, दोनदा. दारातून परत आलो. मले वाटलं, आज सांगान तुम्ही. मग वाटलं, उद्या सांगान." चष्मा पुसत राहिले. "आता ठेवा तुमच्यापाशीच. मले तुमच्यावर चिडून घरी नाही जायचं."

मी माफीसुद्धा मागितली नाही. ते गेल्यावर दार लावून रडले. लाज वाटते स्वतःची, दुसरं काही नाही.

शुक्रवार, २७

वही साहेबांच्या टेबलावर ठेवली, तेच पान उघडून. खाली सही केली, शेजारी माझा राजीनामा ठेवला. नरहरींना फोन केला — मंगळवारी, एक तारखेला, नेहमीच्या बसने या, मी नसेन.