जाळलेल्याने कसं उठायचं

टीचर, आधी तुम्हाला इंग्रजीतच लिहायला बसले होते, पण दोन ओळींतच ते तुम्ही तपासायला मागाल अशा निबंधासारखं व्हायला लागलं. म्हणून मराठीत लिहिते, ही आमची घरची भाषा. तुम्हाला ती येत नव्हती. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता भाषेने काही अडत नाही. गेल्या महिन्यात माझे यजमान गेले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. वेलचेरीच्या या फ्लॅटमध्ये मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, कशाला आले ते विसरते, परत फिरते. मुलगा म्हणतो, अम्मा, जरा स्वस्थ बस. बसले की तुमचा वर्ग आठवतो आणि त्यात मी विचारलेला प्रश्न. त्याचं उत्तर तुम्ही दिलंत की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षी पोंगलनंतर माझे अप्पा विषमज्वराने गेले. आम्ही टी. नगरात राहायचो; तेव्हा तिथे दुकानांपेक्षा झाडं जास्त होती. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत, त्यामुळे मी अप्पांना शेवटचं पाहिलं ते उंबऱ्यातून, खांद्यावरून जाताना. दुपारी काका ओल्या धोतराने परत आले आणि कुणाशी न बोलता विहिरीवर गेले. माझी आत्या तेव्हा गरोदर होती. दिवस घालायला जमलेली सगळी माणसं मला जवळ घेऊन एकच सांगायची, रडू नको, तुझे अप्पा आत्याच्या पोटी परत येणार आहेत. ते बाळ मला अजिबात नको होतं. त्याला मी कोण हे माहीत नसणार, त्याला अप्पांसारखं शीळ घालत जिना चढता येणार नाही, आणि तरी मी त्याला अप्पा समजून खूश व्हायचं, हे कसलं समाधान? (आत्याला पुढे मुलगी झाली. मग कुणी तो विषयच काढला नाही.)

आणि त्याच दिवसांत ईस्टर आला. मिशनच्या शाळेत आम्ही हिंदू मुलीही तुमच्या बायबलच्या तासाला बसायचो. तुम्ही फळ्यापाशी उभ्या आहात, बारीक काठाची पांढरी साडी, हातात खडू, पण लिहीत नाही आहात. पहाटे कबरीकडे निघालेल्या बायकांची गोष्ट सांगताय. दगड सरकलेला आहे. एक बाई बागेत रडत उभी आहे आणि समोरच्या माणसाला ती माळी समजते. मग तो तिला नावाने हाक मारतो आणि तिला कळतं, हा तोच आहे. टीचर, तुम्हाला कल्पना नसेल, मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. तोच! दुसऱ्या कुणाच्या पोटी आलेला नाही, बाळ नाही, तोच. तुम्ही म्हणालात की तो पहिला, त्याच्यामागून सगळे उठतील. मी हात वर केला नाही, तशीच उभी राहिले आणि विचारलं, "टीचर, आणि ज्याला जाळलंय त्याने कसं उठायचं?"

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. तुम्ही खडू खाली ठेवलात. "गेट औट," तुम्ही म्हणालात, ओरडून नव्हे, अगदी खालच्या आवाजात. मी व्हरांड्यात पाण्याच्या मडक्याशेजारी तास संपेपर्यंत उभी होते. मला वाटत होतं की मी काहीतरी घाण बोलले, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमच्याकडे उत्तर नाही. घरी येऊन मी अम्माला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून हात थांबला तिचा. "असं विचारू नये," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही छत्री घेऊन आमच्या दारात. अम्मा त्या वर्षात बाहेरच्या माणसांपुढे येत नसे. रिकाम्या कपाळाने ती आतल्या दाराच्या आड उभी राहिली आणि तिथूनच तमिळमध्ये विचारलं, "माझ्या मुलीला ख्रिस्ती करायला आलात का?" मला जमिनीत जावंसं वाटलं. तुम्ही मात्र चप्पल काढून व्हरांड्यात चटईवर बसलात. "नाही अम्मा," तुम्ही म्हणालात. "तिचा प्रश्न बरोबर होता. मी तिला बाहेर काढलं, कारण वर्गापुढे मला रडायचं नव्हतं."

मग तुम्ही सांगितलंत. तुमचं घर रंगूनला होतं. लढाई आली तेव्हा हजारो माणसं तिथून चालत निघाली, त्यांत तुम्ही आणि तुमची धाकटी बहीण. वाटेत ती तापाने गेली. पुरायला कुणापाशी काही नव्हतं, थांबायलाही कुणी तयार नव्हतं. तुम्ही तिला झाडाखाली ठेवलंत, वर फांद्या टाकल्यात आणि चालू लागलात. मागून पाऊस आला. "तिचं काय राहिलं असेल मला माहीत नाही," तुम्ही म्हणालात. "मुलगी अप्पांचं विचारत होती, मला ऐकू आली माझी बहीण."

अम्मा दारातून बाहेर आली. आली आणि तुमच्यासमोर खाली बसली. "आमच्यात माणूस परत येतं," ती म्हणाली, "दुसरीकडे."

"आलं तर तुम्हाला ओळखेल?"

"नाही. ओळखत नाही म्हणून तर सुटतं. मागचं सगळं घेऊन कोण जगेल?"

"आम्हाला तेच हवंय अम्मा. मागचं सगळं घेऊन." तुम्ही तळहात पुढे केलेत. "तो उठला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. पुसले नव्हते. त्याने मित्रांबरोबर भाजलेला मासा खाल्ला. भूत खात नाही. आमचं म्हणणं नुसता आत्मा उरतो एवढं नाही, अख्खं माणूस उठतं. बी मातीत पडतं आणि रोप वर येतं. ते बीसारखं दिसत नाही, पण असतं त्याच बीचं."

अम्मा म्हणाली, "बी पुरलं तर. आम्ही आमचं माणूस भाजतो, टीचर. भाजलेलं बी रुजत नाही."

ती वाद घालत नव्हती. मला आज वाटतं, तिला कुणीतरी आपलं म्हणणं खोडून काढावं असं वाटत होतं. तुम्ही छत्रीच्या मुठीवर बोटं फिरवत राहिलात. "ज्याने पहिल्यांदा काहीच नसताना माणूस केलं," तुम्ही म्हणालात, "त्याला राखेची काय अडचण? मी एवढंच धरून आहे. दाखवून देता येत नाही. एखाद्या दिवशी तेही सुटतं हातातून. मग पुन्हा धरते."

अम्माने तुम्हाला कॉफी दिली. तुम्ही गेल्यावर तिने तो टंबळर, कॉफीचा पेला, चिंचेने घासला आणि अंगणात वेगळा पालथा घातला. हे तुम्हाला कधी कळलं नाही, पण खोटं कशाला लिहू? ती तशीच होती. आणि तीच अम्मा पुढे तुम्ही आजारी पडलात तेव्हा रसम घेऊन तुमच्याकडे जायची, तुमच्या बहिणीचं ऐकत बसायची, अप्पांचं सांगायची.

तुम्ही गेलात तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं. यजमान साताऱ्याकडचे, आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात नोकरीला. आमची तंजावरी मराठी ऐकून हसायचे, पण त्या दिवशी काही न विचारता मला आणि अम्माला घेऊन कबरस्तानात आले. अम्माने जन्मात पहिल्यांदा माणसाला निरोप देण्याची जागा पाहिली. तुमची पेटी खाली उतरली, तुमची माणसं गात होती, काही गाता गाता रडत होती. अम्माने मूठभर माती टाकली आणि हात पुसायचं विसरून मला विचारलं, "इथे दगडावर नाव लिहितात?" मी हो म्हटलं. "बरं आहे," ती म्हणाली. "हाक मारणाऱ्याला सोपं." परत आलो. घराच्या पायऱ्यांवर थांबून ती म्हणाली, "तुझ्या अप्पांचं नाव कुठेच लिहिलेलं नाही." पुढे तीही गेली. तिलाही जाळलं.

आता बायकांना स्मशानात जाऊ देतात. यजमानांच्या वेळी मी गेले. विजेच्या भट्टीचं दार बंद झालं तेव्हा मी तिथेच उभी होते. दुसऱ्या दिवशी मुलाने अस्थींचं मडकं आणलं. ते इतकं हलकं होतं की मला रागच आला. समुद्रावर गेलो. सून पुण्याची आहे, भली आहे, मला धरून म्हणाली, "आई, बाबा सुटले आता." सगळ्यांना माझं बरं व्हावं असंच वाटतं. पण टीचर, मला ते सुटायला नको आहेत. मला ते हवे आहेत, सकाळच्या खोकल्यासकट, पेपरची उलटी घडी घालण्याच्या सवयीसकट, चुकीचं तमिळ बोलून भाजीवाल्याशी भांडणारे. दुसरं काही होऊन आलेले नकोत. पवित्र होऊन आलेले नकोत. तुमचा धर्म नेमकं हेच कबूल करतो का, की मी माझ्या सोयीने ऐकलं? तुमच्या देवळात मी कधी गेले नाही, आता जाणारही नाही. त्याला राखेची अडचण नाही हे तुम्ही ज्या जोराने धरलंत तेवढा जोर माझ्या हातात नाही. मग मी कुठली? अम्माची की तुमची? दिवसभर हेच डोक्यात फिरतं आणि मी खोल्यांतून फिरते.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. मुलाला वाटेल, आपल्या अम्माचं चित्त ठिकाणावर नाही. तेराव्या दिवशी पुरोहित म्हणाले, सगळ्यांनी हात जोडून म्हणा, यांना मुक्ती मिळो. सगळ्यांनी म्हटलं, नातवाने सगळ्यांत मोठ्याने. मी नुसते ओठ हलवले.