जास्त कोणाकडे?

प्रिय ताई,

माझं पत्र म्हणजे पाकिटातून झुरळ निघणार, असं तुला वाटेल. हवं तर आधी झटकून बघ. काही निघणार नाही. शुद्धलेखन मात्र बघू नकोस, माझ्या बाबतीत बाबांनीही ते कधीच सोडून दिलंय.

तू विचारलंस, छोटीला सुट्टीत इकडे पाठवू का, म्हणजे बाबा तिचं गणित पक्कं करतील. दुसरीत गेली तरी पाढ्यात अडखळते म्हणून तिच्या बाई कटकट करतात. वर म्हणालीस, बाबांना मेंदूचा झटका आला खरा, पण एकोणतिसाचा पाढा धडाधड म्हणतात, म्हणजे डोकं शाबूत आहे. दर रविवारी फोनवर तू पाढा म्हणायला लावतेस, ते म्हणतात, तू निर्धास्त होतेस. मी शेजारी उभा राहून चपलेचा अंगठा बघत बसतो.

ताई, पाढा जिभेवर राहिलाय. डोक्यात नाही. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी त्यांना म्हटलं, दोन कप काढा, चहा टाकतो. त्यांनी फळीवरचे होते नव्हते ते सगळे कप टेबलावर मांडले. तोंडाने एक, दोन, तीन अगदी सरळ चाललेलं. कप संपले तरी आकडे चालूच. मग मला विचारलं, झाले का? मला वाटलं माझीच फिरकी घेतायत, मी हसलोसुद्धा. त्यांनी मान खाली घातली तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाठ केलेलं मेंदूत एकीकडे असतं आणि तो आकडा म्हणजे केवढं हे कळणं दुसरीकडे. बाबांचं दुसरं गेलंय. येईल परत कदाचित, पण पहिलीतल्या पोरासारखं मुळापासून शिकवावं लागेल. मी म्हटलं, शिकवणार कोण, आमच्या घरात गणिताचे मास्तर एकच आणि तेच आजारी. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नववीत मुक्काम ठोकलेल्या माणसाकडे इतक्या आशेने कोणी बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

मग मला जे येतं तेच केलं. लबाडी. चहाबरोबर बिस्किटं वाटायचो, त्यांना दोन, मला ढीग. ते आपली दोन खायचे आणि समाधानाने हात झटकायचे. लहानपणी माझी एकही चोरी ज्यांच्या नजरेतून सुटली नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत मी रोज चोरत होतो आणि ते पचत होतं. मार खाऊनसुद्धा मला कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी बिस्किट उचलायला गेलो तर त्यांनी मनगट धरलं. म्हणाले, चोरा, तुझ्याकडे जास्त आहेत. मी म्हटलं, कशावरून? त्यांनी आपलं एक बिस्किट माझ्या एकासमोर ठेवलं, दुसरं दुसऱ्यासमोर, आणि माझी उरलेली बोटाने दाखवली. किती उरली ते सांगता आलं नाही, पण उरली हे कळलं. मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

तेव्हापासून आमची शाळा भरते. मी सायकलच्या दुकानातून बोल्ट आणि नट आणतो. ते प्रत्येक बोल्टला नट देतात आणि काय उरलं ते बघतात. कागदाची घडी घालून दोन्ही अर्धे सारखे आहेत का ते तपासतात. तांब्यातलं पाणी किती पेले भरेल, आधी अंदाज, मग ओतून खात्री. अंदाज चुकला की मी टाळ्या वाजवतो आणि ते माझा कान पकडतात. तो मात्र पहिल्या झटक्यात सापडतो.

गेल्या रविवारी छोटीने फोनवर सातचा पाढा म्हटला आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी नाही वाजवल्या. फोन ठेवल्यावर म्हणाले, सात त्रिक म्हणजे काय ते मांडून दाखव, असं तिला कोणी विचारलंय का? मी म्हटलं, कळेल की मोठी झाल्यावर. तर म्हणाले, मी जन्मभर पहिली-दुसरीला शिकवलं. पाढा आला त्याची पाठ थोपटली, नाही आला त्याला उभं केलं. उभं राहिलेल्यांपैकी एखाद्याला खाऊची वाटणी चोख जमत असेल, मी कधी बघितलंच नाही. माझा पाढा ऐकून माझी मुलगी फसते ना, तसाच मीही पोरांचे पाढे ऐकून फसत आलो.

म्हणून हे पत्र. या रविवारी तू पाढा म्हणायला सांगशील आणि बाबा म्हणणार नाहीत. विसरले असं समजून रडू नकोस, त्यांना येतो. फक्त तुला फसवायला म्हणायचा नाही, असं त्यांनी ठरवलंय. मी खूप समजावलं, निदान छोटी येईपर्यंत तरी म्हणा, नाहीतर ताई पाठवायची नाही. रोज तिची वाट बघतात गं ते. तरी म्हणाले, पाढ्याच्या भरवशावर नको, आजोबा कसे झालेत ते कळूनही पाठवली तर येऊ दे. तिला शिकवणं त्यांना जमणार नाही. तिच्या शेजारी बसून शिकतील. आता तू ठरव. पण रविवारी तू पाढा मागितलास की ते बराच वेळ गप्प राहतील, तेवढा वेळ फोन ठेवू नकोस.

तुझाच, कधी नव्हे ते खरं बोललेला,
कार्टा